भिवंडीहून धुळ्याची गाडी भरताना

भिवंडीच्या गोदामातून नाशिक, मालेगाव, धुळे अशी पार्सलची गाडी भरायची असेल, तर पहिला नग उचलण्याआधी ड्रायव्हरला विचारा, आधी कुठे थांबणार? नकाशावरून ठरवू नका. नाशिक वाटेत आधी लागतं खरं, पण रात्री सुटलेली गाडी कधी कधी तिथली शटरं बंद म्हणून सरळ पुढे जाते, सकाळी धुळ्याला माल उतरवते आणि नाशिक परतीत करते. मग सगळा क्रमच उलटा. मागच्या खेपेला हेच विचारायचं राहिलं आणि धुळ्याच्या पेट्या काढायला अर्धी गाडी रस्त्यावर रिकामी करावी लागली. म्हणून विचारा. मुकादमाला नाही, ड्रायव्हरला.

हौदा, म्हणजे गाडीची माल भरायची जागा, झाडून घ्या, वर आलेले खिळे ठोका. शेवटी उतरायचं ते केबिनकडे, आधी उतरायचं ते फाळक्याकडे, म्हणजे मागच्या झडपेकडे, हे हमालांना सांगावं लागत नाही. घोळ होतो वजनाचा. पहिल्याच थांब्याचा माल जड असला, म्हणजे रंगाचे डबे, नटबोल्टच्या पेट्या, तर तो सगळा फाळक्याला टेकवून रचू नका. मागे भार वाढला की पुढची चाकं हलकी पडतात आणि कसारा घाट चढताना स्टिअरिंग ऐकत नाही. जड नग तळाला, मागच्या चाकांच्या पुढे, रुंदीभर पसरून. त्यांच्या मागे फक्त त्याच थांब्याचे हलके खोके. डावी बाजू नाशिकची, उजवी धुळ्याची अशी वाटणी तर अजिबात नको, एक बाजू उतरली की गाडी कलते.

एका बिल्टीचे, म्हणजे मालाच्या एका वाहतूक पावतीचे, सगळे नग एका थप्पीत, नगावरचा मार्क बाहेरच्या बाजूला. मोजणी नग चढतानाच करा, रचल्यावर आतले थर दिसत नाहीत. ॲसिड, फिनेल खाण्याच्या मालाजवळ नको. ऐनवेळी कुणी ‘हा एक घ्या हो’ म्हणत आलं, तर थांबा कुठला ते आधी, नग नंतर.

बिल्ट्या थांब्यांच्या क्रमाने लावा. कुठल्या क्रमाने? ड्रायव्हरने सांगितलेल्या! गाडी बदलली असेल तर ड्रायव्हरही बदललेला असतो. नव्याला पुन्हा विचारा, आणि ई-वे बिलाचा, म्हणजे जीएसटीच्या मालवाहतूक कागदाचा, पार्ट बी (गाडीच्या नंबराचा भाग) नव्या गाडीच्या नंबरने भरा, नाहीतर तपासणीत गाडी अडकेल.

फाळक्याच्या कड्या, ताडपत्री, दोरी. पावसाळ्यात ताडपत्री दुहेरी.