मेपलला रंग देण्याआधी लाखेचा एक हात

हार्ड मेपल हे फिकट रंगाचं परदेशी लाकूड सागवानापेक्षा टणक असतं, पण त्याला सागवानी रंग द्यायला गेलात की फसगत होते. स्टेन, म्हणजे लाकडात मुरवायचा रंग, सगळीकडे सारखा मुरत नाही, फळीवर ढगाळ डाग उठतात. रंग हवाच असेल तर आधी मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात मारा, सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा, मगच स्टेन. खरं तर मेपलचा दुधाळ रंगच जपावा. त्यासाठी वॉटर-बेस्ड पीयू (पाण्यात मिसळलेलं पॉलियुरेथेनचं पारदर्शक फिनिश) घ्या, तेलाच्या फिनिशने पिवळेपणा येतो. करवतीचं पातं बोथट असेल तर कडा जळून काळ्या पडतात. पावसाळ्यात फळ्या आणल्यात तर मध्ये पट्ट्या घालून काही दिवस घरातच ठेवा, मग कापा. मुंबईतल्या उघड्या बाल्कनीत मात्र मेपल नकोच, ओलीने कुजतं आणि वाळवीही लागते.