कनेक्टिंग विमानप्रवासात लाउंजचा प्रवेश कसा जुळवावा

पुणे ते दिल्ली, दिल्ली ते फ्रँकफुर्ट आणि तेथून शिकागो असा प्रवास वर्षातून चार-पाच वेळा करावा लागणाऱ्या माणसाचा बराच काळ विमानांपेक्षा विमानतळांवरच जातो. या वेळात लाउंज मिळाला, तर आंघोळ होते, गरम जेवण मिळते आणि पाठ टेकायला जागा मिळते. न मिळाल्यास गेटजवळच्या खुर्चीवर, पायात बॅगेचा पट्टा अडकवून, पाच तास काढावे लागतात. आपल्याकडे बँकेचे कार्ड आहे म्हणजे लाउंज आहेच, असे बहुतेक प्रवासी गृहीत धरतात. प्रत्यक्षात लाउंजच्या दारावरचा कर्मचारी आधी बोर्डिंग पास मागतो आणि तुमचे पुढचे विमान कोणाचे आहे व ते किती वाजता सुटते, एवढे पाहतो. कार्डाची पाळी त्यानंतर येते. म्हणून तिकीट काढतानाच प्रत्येक थांब्याचा वेगळा विचार करावा आणि त्या थांब्यावरून निघणाऱ्या विमानापासून सुरुवात करावी.

एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीची सदस्य आहे. वरचेवर प्रवास करणाऱ्यांसाठी असलेल्या तिच्या महाराजा क्लब या सभासद योजनेत, जी पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स या नावाने ओळखली जात असे, गोल्ड आणि प्लॅटिनम या दोन्ही श्रेणींना आघाडीतला स्टार गोल्ड हा दर्जा मिळतो. या दर्जाचा प्रवासी इकॉनॉमीच्या तिकिटावर असला, तरी त्याला स्वतःसह एका पाहुण्याला घेऊन लाउंजमध्ये जाता येते. मात्र त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत, त्याच विमानतळावरून आघाडीतल्या कंपनीच्या विमानाने त्याने निघायला हवे आणि पाहुण्याचे विमानही आघाडीतलेच हवे. पहाटे पाचची ही मुभा आपल्या उपयोगाची आहे, कारण भारतातून युरोपला जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि रात्री नऊला दिल्लीत उतरलेल्या प्रवाशाचे पुढचे विमान कागदोपत्री दुसऱ्या दिवसाचे असते. सिल्व्हर श्रेणीला आघाडीकडून लाउंज मिळत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

सर्वांत जास्त फसगत होते ती कोडशेअर तिकिटांवर. तिकिटावर एका कंपनीचा क्रमांक असतो आणि विमान दुसरीच कंपनी उडवते. स्टार अलायन्सच्या नियमात विमान प्रत्यक्ष कोण उडवते याला महत्त्व आहे. एअर इंडिया एक्सप्रेस ही एअर इंडियाचीच उपकंपनी असली, तरी ती आघाडीची सदस्य नाही. त्यामुळे तिच्या विमानाने निघताना स्टार गोल्डचा हक्क लागू होत नाही. इंडिगो आणि एमिरेट्स या कंपन्या कोणत्याच आघाडीत नाहीत, म्हणून त्यांच्या विमानांसाठी त्यांच्या स्वतःच्या योजनेतला दर्जा, वरच्या वर्गाचे तिकीट किंवा बँकेचे कार्ड यांपैकीच काहीतरी उपयोगी पडते. तिकीट निश्चित करण्यापूर्वी क्रमांकाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचावी. विमान कोण उडवणार आहे ते तेथेच लिहिलेले असते.

इतर दोन आघाड्यांचे नियम थोडक्यात सांगतो. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज ज्या वनवर्ल्ड आघाडीत आहेत, तिथे सफायर आणि एमराल्ड या दोन दर्जांना लाउंज मिळतो आणि एमराल्डला फर्स्ट क्लासच्या लाउंजचीही मुभा असते. एअर फ्रान्स, केएलएम आणि डेल्टा यांच्या स्कायटीम आघाडीत एलिट प्लस हा दर्जा लागतो आणि प्रवास आंतरराष्ट्रीय असावा लागतो.

आता एक गमतीचा भाग सांगतो, ज्याचा परिणाम मैल, म्हणजे विमानप्रवासावर मिळणारे गुण, कोणत्या योजनेत जमा करायचे या निर्णयावर होतो. समजा, काका पुण्यात राहतात आणि एअर इंडियाचे गोल्ड सभासद आहेत. पुतण्या शिकागोत राहतो आणि आघाडीतल्याच युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीच्या मायलेजप्लस योजनेचा गोल्ड सभासद आहे. दोघेही स्टार गोल्डच. दोघे मिळून शिकागोहून डेन्व्हरला युनायटेडच्या विमानाने निघाले, आणि तिकीट केवळ या अमेरिकेतल्या प्रवासाचे असले, तर काकांना युनायटेड क्लब या तिच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळतो आणि पुतण्याला स्वतःच्या दर्जावर मिळत नाही. युनायटेड आपल्या सभासदांना या दर्जावर फक्त आंतरराष्ट्रीय प्रवासात लाउंज देते; परदेशी कंपन्यांच्या गोल्ड सभासदांना ही अट नाही. पुतण्याला मग काकांचा पाहुणा म्हणून आत जावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्टार अलायन्सने वरचेवर प्रवास करणाऱ्या मराठी मंडळींनी आपले मैल कोठे जमा करायचे हे ठरवताना हा फरक ध्यानात घ्यावा.

दर्जा मिळाला, पण तो बोर्डिंग पासावर छापलेला नसेल, तर दारावर वादावादी होते. दर्जाची नोंद बरोबर असेल, तर पासावर चांदणीची खूण आणि तिच्यापुढे इंग्रजी जी हे अक्षर दिसते. ती खूण नसल्यास सभासद क्रमांक आरक्षणात गेलेला नाही, किंवा दुसऱ्याच योजनेचा गेला आहे, असे समजावे आणि पहिल्याच विमानतळावर काउंटरवरून दुरुस्ती करून पुढचे सगळे पास नव्याने छापून घ्यावेत. मधल्या थांब्यावर, ट्रान्स्फर काउंटरच्या रांगेत उभे राहून ही दुरुस्ती करण्यात निम्मा थांबा निघून जातो.

पासपोर्ट तपासणीच्या कोणत्या बाजूला आहात

नियमाने हक्क असूनही तेथे पोहोचता येत नाही, असा लाउंज कनेक्टिंग प्रवासात हमखास भेटतो. फ्रँकफुर्टच्या टर्मिनल १ मध्ये ए विभागातली गेट शेंगेन देशांच्या, म्हणजे आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या, विमानांसाठी आहेत आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावर असलेली झेड विभागातली गेट शेंगेनबाहेरच्या विमानांसाठी आहेत. दोन्हींच्या मध्ये पासपोर्ट तपासणी आहे. दिल्लीहून येऊन शिकागोला जाणारा, शेंगेन व्हिसा नसलेला भारतीय प्रवासी ए विभागात जाऊच शकत नाही. त्याने आपल्या बाजूचाच लाउंज शोधावा. फर्स्ट क्लासचे लाउंज सोडले, तर येथे आघाडीतल्याच लुफ्तान्सा या जर्मन कंपनीचे मुख्यतः दोन प्रकारचे लाउंज आहेत: बिझनेस वर्गाच्या प्रवाशांसाठी बिझनेस लाउंज आणि स्टार गोल्डसाठी सेनेटर लाउंज. सेनेटर लाउंज वरचा मानला जातो. त्यामुळे इकॉनॉमीतला गोल्ड सभासद सेनेटरमध्ये बसलेला आणि दर्जा नसलेला बिझनेस वर्गाचा प्रवासी शेजारच्या साध्या लाउंजमध्ये, असे दृश्य येथे दिसते. आंघोळीची इच्छा असेल, तर आत शिरताच स्वागतकक्षात नाव द्यावे, खाण्याकडे नंतर वळावे. युरोपातली सकाळ ही लांबच्या विमानांची उतरण्याची वेळ असते आणि शॉवरची रांग तेव्हाच वाढते.

भारतात परतताना चित्र उलटे असते. शिकागोहून दिल्लीत उतरून पुण्याला जायचे असेल, तर सहसा दिल्लीतच इमिग्रेशन, सामान घेणे आणि कस्टम्स उरकावे लागते, सामान पुन्हा सोपवावे लागते आणि नंतर देशांतर्गत सुरक्षा तपासणीतून आत गेल्यावरच लाउंज येतो. हा लाउंज देशांतर्गत विभागातला असतो, त्यामुळे बँकेच्या कार्डावर गेलात, तर ती भेट कार्डावरच्या देशांतर्गत भेटींच्या कोट्यातून वजा होते. अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर असाच सोपस्कार असतो. शिकागोला टर्मिनल ५ मध्ये उतरून युनायटेडच्या टर्मिनल १ मध्ये जाताना विमानतळाच्या गाडीने जाऊन पुन्हा सुरक्षा तपासणी करावी लागते. दोन तासांच्या थांब्यात लाउंज साधण्याचा हट्ट तेथे धरू नये.

दोन वेगवेगळ्या तिकिटांवर केलेला प्रवास हा आणखी अवघड प्रकार आहे. सामान पुढे जात नाही, पुढचा बोर्डिंग पास हातात नसतो आणि तो मिळेपर्यंत कोणताही लाउंज तुम्हाला ओळखत नाही. मुंबईत टर्मिनल १ ला उतरून टर्मिनल २ वरून परदेशी जाणाऱ्यांना तर रस्त्याने काही किलोमीटर जावे लागते. अशा वेळी पुढच्या विमानाचे वेब चेक-इन आदल्या दिवशीच करून ठेवावे, म्हणजे काउंटर उघडण्याची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचतो. सामान सोपवायचे असेल, तर मात्र हीही सोय उरत नाही.

बँकेच्या कार्डावरचा लाउंज

आपल्याकडे लाउंज म्हटले की बहुतेकांच्या मनात क्रेडिट कार्डच येते, आणि गेल्या काही वर्षांत सर्वाधिक बदल याच बाबतीत झाले आहेत. पूर्वी कार्ड असणे पुरेसे होते. आता अनेक बँका आधीच्या तिमाहीतला खर्च पाहतात. उदाहरणार्थ, आयसीआयसीआय बँकेने १ एप्रिल २०२४ पासून आपल्या अनेक कार्डांना मागील तिमाहीत ३५,००० रुपये खर्चाची अट घातली. जानेवारी ते मार्चमध्ये खर्च केला, तर एप्रिल ते जूनमध्ये लाउंज, असा हा हिशेब असतो. मर्यादा बँकेनुसार आणि कार्डानुसार बदलते व बँका ती अधूनमधून वाढवतात, म्हणून प्रवासाच्या तीन महिने आधी ती तपासावी. आदल्या रात्री तपासून काही साधत नाही. इंधन, घरभाडे किंवा वॉलेटमध्ये भरलेली रक्कम अनेक कार्डांच्या हिशेबात धरली जात नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. दिवाळीनंतरच्या एका प्रवासात, चार तासांच्या थांब्यात, एका लाउंजच्या दारात माझे कार्ड यंत्रात घातले गेले. पडताळणीसाठी दोन रुपयांचा व्यवहार होतो, तो व्हायला हवा होता. त्याऐवजी यंत्रातून नकाराची चिठ्ठी बाहेर आली. काउंटरवरच्या मुलीने दुसऱ्यांदा प्रयत्न केला, चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि अगदी नम्रपणे विचारले, ‘‘सर, दुसरं कार्ड आहे का?’’ नव्हते. घरी येऊन हिशेब केला, तेव्हा खर्च मर्यादेपेक्षा चार हजारांनी कमी पडला होता आणि भाड्याची रक्कम मी उगीचच त्यात धरून बसलो होतो. तेव्हापासून खिशात दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे असतात.

ती वेगवेगळ्या बँकांची असणे महत्त्वाचे आहे, कारण बँक आणि लाउंज यांच्यामध्ये एक मध्यस्थ कंपनी असते आणि तिचा करार संपला, तर चांगले कार्डही दारावर निरुपयोगी ठरते. ड्रीमफोक्स या अशाच मोठ्या मध्यस्थ कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये आपली देशांतर्गत लाउंज सेवा थांबवली, तेव्हा हा धडा अनेकांना एकाच वेळी मिळाला. काही बँकांनी यंत्रात कार्ड घालण्याऐवजी ॲपमधून क्यूआर कोड काढण्याची पद्धत आणली आहे. तो कोड विमानतळाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी, घरच्या वाय-फायवर काढून पाहावा.

प्रायॉरिटी पास ही एकाच सभासदत्वावर अनेक विमानतळांवरच्या लाउंजमध्ये प्रवेश देणारी १९९२ पासूनची योजना परदेशातल्या थांब्यांवर उपयोगी पडते. परंतु अनेक भारतीय बँकांनी दिलेला पास फक्त भारताबाहेर मोफत चालतो. भारतात दाखवला, तर पुढच्या महिन्याच्या बिलात डॉलरमधली रक्कम आणि वर कर दिसतो. पाहुण्याची फीदेखील अशीच नंतर कळते, कारण दारावर कोणी पैसे मागत नाही.

चौघांचे कुटुंब असेल, तर वाटणी आधी करावी. स्टार गोल्ड सभासद आपल्याबरोबर एकालाच नेऊ शकतो. उरलेल्या दोघांसाठी जोडीदाराच्या नावाचे कार्ड असल्यास काम भागते, पण कार्डावरचे लाउंज आणि आघाडीचे लाउंज बहुधा वेगळे असतात. कुटुंब दोन ठिकाणी बसण्यात अर्थ नाही, म्हणून अशा वेळी सर्वांना चालेल असा एकच कार्डाचा लाउंज निवडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

वेळेची मर्यादा शेवटी आली, तरी तीच सर्वाधिक आडवी येते. कार्डावरच्या लाउंजमध्ये मुक्काम बहुधा दोन ते तीन तासांचा असतो आणि कित्येक ठिकाणी विमान सुटण्याच्या तीन तासांपेक्षा आधी आत घेत नाहीत. सहा तासांच्या थांब्यात उतरल्या उतरल्या लाउंज गाठला, तर पुढचे तीन तास बाहेर जातील; त्यामुळे आधी टर्मिनल बदलणे, सामान, तपासणी ही कामे उरकावीत. अमेरिकेत डेल्टाच्या लाउंजमध्ये हा तीन तासांचा नियम आहे, पण कनेक्टिंग प्रवाशांना त्यातून सूट आहे, म्हणून आधीच्या विमानाचा पासही हाताशी ठेवावा.

पुष्कळ लाउंजमध्ये विमानांची घोषणा होत नाही, तेव्हा मोबाइलवर गजर लावावा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते, म्हणून तेथे इतर विमानतळांपेक्षा पंधरा-वीस मिनिटे आधी उठावे आणि लाउंजमधून घेतलेली पाण्याची बाटली गेटवर पोहोचण्यापूर्वी संपवावी.