उत्तर टोकाचे काल्पनिक महानगर कसे वसवावे

गोष्टीसाठी, मुलांच्या सुट्टीतल्या उद्योगासाठी किंवा निव्वळ हौसेने एखादे शहर मनात वसवायचे असेल, तर बर्फाळ उत्तरेइतकी चांगली जागा नाही. तिथे निसर्ग काहीच फुकट देत नाही, त्यामुळे शहरातल्या प्रत्येक गोष्टीला कारण द्यावे लागते, आणि कारण असलेले शहरच खरे वाटते. बर्फाचे मनोरे, चकाकते राजवाडे कागदावर झटकन उमटतात. पण चौकस मूल लगेच विचारते, "इथली माणसं खातात काय?"

इंदूरकराला हे काम जमायला हवे. आपले गाव का वाढले, कुणामुळे वाढले, पाणी कुठून आणते, हे आपण ऐकत आलेलो असतो. तेच प्रश्न घ्यायचे आणि उत्तरे मात्र उत्तरेकडून मागायची. नमुन्यासाठी मी एक शहर घेतो. त्याला ध्रुवपट्टण म्हणू.

साहित्य फार नाही: पृथ्वीचा गोल, ध्रुवाच्या डोक्यावरून काढलेला नकाशा असलेला अ‍ॅटलस, चौकटीचा कागद, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल आणि रबर. भिंतीवरचा नेहमीचा जगाचा नकाशा वापरू नका. त्यात उत्तरेकडचा प्रदेश ताणून फार मोठा दाखवलेला असतो. रेखांशाच्या दोन रेघांमधले एका अंशाचे अंतर इंदूरला सुमारे १०३ किलोमीटर भरते, ६९ अंशांवर ते जेमतेम ४० उरते.

पायरी पहिली: अक्षांश ठरवा आणि सूर्याचा हिशेब करा

आर्क्टिक वृत्त, म्हणजे ज्याच्या उत्तरेला वर्षातला निदान एक दिवस सूर्य उगवत नाही आणि एक दिवस मावळत नाही ती रेघ, साडेसहासष्ट अंशांच्या आसपास आहे. ध्रुवपट्टण ६९ अंश उत्तरेला ठेवू. आता नव्वदमधून अक्षांश वजा करा. जी संख्या येईल तिच्यात २१ जूनसाठी साडेतेवीस मिळवा, २२ डिसेंबरसाठी साडेतेवीस वजा करा. त्या दिवशी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल ते कळते.

ध्रुवपट्टणात जूनमध्ये उत्तर येते साडेचव्वेचाळीस. इंदूर २२.७ अंशांवर आहे. आपल्या डिसेंबरच्या दुपारचे उत्तर येते जवळजवळ चव्वेचाळीस. म्हणजे त्यांचा वर्षातला सर्वांत उंच सूर्य आपल्या वर्षातल्या सर्वांत ठेंगण्या सूर्याएवढाच. हा हिशेब कागदावर स्वतः करा. ते शहर केवढे दूर आहे हे यातून जितके कळते तितके कुठल्याही वर्णनातून कळत नाही. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्याही पलीकडून जाते, म्हणून इंदुरात जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या सुरुवातीला भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. ध्रुवपट्टणात भर उन्हाळ्याच्या दुपारीही सावली माणसाच्या उंचीएवढी पडणार.

डिसेंबरमध्ये उत्तर उणे अडीच येते, म्हणजे सूर्य उगवतच नाही. पण इथे एक सावधगिरी बाळगा: सहा महिने काळोख, असे लिहू नका. तो ध्रुवबिंदूचा प्रकार. ६९ अंशांवर सूर्य डिसेंबरच्या सुरुवातीला जातो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परततो. त्या दिवसांतही दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, कारण सूर्य क्षितिजाखाली थोडासाच असतो. उलट, मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. ध्रुवीय प्रकाशाची, म्हणजे तिथल्या रात्रीच्या आकाशात झळकणाऱ्या रंगीत प्रकाशपट्ट्यांची, वर्णने करायची तर सप्टेंबर ते मार्च या काळातच करा. उन्हाळ्यात आकाश काळे होतच नाही, तर तो दिसणार कुठून?

पायरी दुसरी: इतक्या वर महानगर कशासाठी?

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला दहा लाख वस्तीचे एकही शहर नाही. सर्वांत मोठे मुर्मान्स्क. रशियाने ते पहिल्या महायुद्धात, १९१६ साली वसवले, कारण दोस्त राष्ट्रांकडून येणारा माल उतरवायला हिवाळ्यातही न गोठणारे बंदर हवे होते. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह तिथला समुद्र मोकळा ठेवतो. त्याच्या बऱ्याच दक्षिणेला असलेले अर्खांगेल्स्कचे बंदर मात्र हिवाळ्यात गोठते. १९८९च्या जनगणनेत मुर्मान्स्कची वस्ती ४ लाख ६८ हजार होती, २०२१मध्ये ती २ लाख ७० हजारांवर आली. सरकारने माणसे तिथे टिकवण्यासाठी दिलेल्या सवलती आणि कामे आटली, तशी माणसे दक्षिणेला परतली.

म्हणून एका कारणावर महानगर उभे राहत नाही. इंदूरचेच पाहा. माळव्याच्या व्यापारी वाटेवरचे ठिकाण, १८१८च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी, मग अफूची पेठ, रेल्वे, कापडगिरण्या. एक कारण थकले की दुसऱ्याने हात दिला. ध्रुवपट्टणालाही अशी किमान तीन कारणे द्या. मी देईन ती अशी: मोठ्या नदीचे मुख, जवळच्या डोंगरात निकेल आणि तांबे, आणि नदीच्या वरच्या अंगाला, खूप दक्षिणेला, रेल्वेचा पूल. सायबेरियात येनिसेई नदीची रचना थेट अशी आहे: क्रास्नोयार्स्कला रेल्वे, मुखाकडे दुदिन्का बंदर, आणि बंदराला जोडलेले खाणींचे नोरिल्स्क.

पायरी तिसरी: उबदार किनारा की गोठलेली जमीन, एकच निवडा

मुर्मान्स्क आणि नोरिल्स्क दोन्ही ६९ अंशांवरच. पण जानेवारीचे सरासरी तापमान मुर्मान्स्कला उणे दहाच्या आसपास, तर नोरिल्स्कला उणे पंचवीसच्याही खाली. फरक समुद्राच्या प्रवाहाचा. बारमाही मोकळे बंदर आणि खोलवर गोठलेली जमीन दोन्ही एकाच शहराला देऊ नका.

मी गोठलेली जमीन घेतो, कारण तिथे घर बांधणे हीच एक विद्या आहे. वर्षानुवर्षे न वितळणाऱ्या या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये १८२८ ते १८३७ या काळात एकाने ११६ मीटर खोल विहीर खणवली, तरी तळाला गोठलेलीच माती लागली. अशा जमिनीवर घर टेकवले तर घराच्या उबेने माती वितळते आणि भिंती खचतात. म्हणून काँक्रीटचे खांब खोल गाडून घर त्यांच्यावर उचलून धरतात. खालच्या मोकळ्या जागेतून गार वारा वाहतो आणि जमीन गोठलेली राहते. माळव्यातल्या गवंड्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून आपणही तिच्यावर विसंबत नाही. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतो. मातीचा स्वभाव ओळखून घर बांधायचे, हे दोन्हीकडे सारखे.

नदीचाही विचार इथेच करा. आपली कान्ह उत्तरेला वाहत क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला. ध्रुवपट्टणाची नदीही उत्तरवाहिनीच, पण तिचा धोका वेगळा. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी फुटतो आणि मुखाशी नदी अजून गोठलेली असते. वरून आलेले पाणी आणि बर्फाचे तुकडे तिथे अडतात, आणि पूर येतो. दुदिन्का बंदरात या काळात क्रेन उंचावर हलवून धक्के मोकळे करतात, मग ते पाण्याखाली जातात. तेव्हा नकाशावर धक्का नदीकाठी काढा, गोदामे टेकाडावर, आणि दोघांमध्ये रुंद रस्ता ठेवा. दर वर्षी बंदर काही दिवस उचलून ठेवणारे शहर: केवळ या एका गोष्टीतून तुम्हाला सण, सुट्ट्या, हमालांच्या वसाहती, सगळे सुचत जाईल.

पायरी चौथी: इतिहासाचे थर रचा

स्थापनेच्या सालापासून सुरुवात करू नका. होळकरांच्या आधी जुनी इंदूर होती, जमीनदार होते, बाजार होता. उत्तरेतही रेनडिअर पाळणारे, मासेमारी करणारे नेनेत्स, एवेन्की, सामी असे लोक शहरांच्या कितीतरी आधीपासून आहेत. तुमच्या शहराने कुणाची कुरणे घेतली, हे लिहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

मग व्यापार. सायबेरियात १६०१ साली ताझ नदीवर मंगाझेया नावाचे ठाणे उभे राहिले आणि केसाळ कातड्यांच्या व्यापारावर भरभराटले. परदेशी व्यापारी समुद्रमार्गाने आत शिरतील या भीतीने झारने १६१९ साली तो मार्ग बंद केला. १६७२ साली लोक गाव सोडून गेले. राजाच्या एका हुकमाने शहर मरते, हे ध्यानात ठेवा. त्यानंतर खाणी. इथे हात आखडू नका: नोरिल्स्क १९३५पासून कैद्यांच्या श्रमछावण्यांतून उभारले गेले. उत्तरेच्या शहराचा इतिहास गोड करून लिहिणे त्या माणसांवर अन्याय आहे.

प्रत्येक सालाला एकच नियम लावा: त्या घटनेने नकाशावर काहीतरी खूण सोडली पाहिजे. इंदुरात छावणी म्हटले की इंग्रजांचे सैन्य आठवते, तुकोगंज म्हटले की तुकोजीराव, आणि मालवा मिल म्हटले की भोंग्यावर चालणारी वस्ती, गिरणी बंद पडली तरी. ज्या सालाची खूण सापडत नाही, ते साल खोडून टाका.

पायरी पाचवी: पाणी, ऊब आणि अन्न

१९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इंदूर नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून आणते. ध्रुवपट्टणात पाणी शेजारी आहे, पण नळ जमिनीत पुरता येत नाहीत. म्हणून नळ जमिनीवरून, जाड वेष्टनात, गरम पाण्याच्या नळांच्या सोबतीने जातात. सगळ्या घरांना ऊब एकाच वीजकेंद्रातून मिळते. ते हिवाळ्यात बंद पडले तर काय, हे आधीच ठरवून ठेवा, नंतर गोष्टीत उपयोगी पडेल.

वस्ती वाऱ्याला पाठ देऊन बांधा. नोरिल्स्कमध्ये इमारती चौकाभोवती चारही बाजूंनी उभ्या करतात आणि मधल्या फटी अरुंद ठेवतात. आपल्या वाड्यातला चौक उजेड आणि वारा आत घेतो, तिथला चौक वारा बाहेर ठेवतो. सराफ्यासारखा रात्रीचा खाऊबाजार हवाच असेल तर जरूर द्या, पण छताखाली. भाजी दक्षिणेहून येते, मासे आणि रेनडिअरचे मांस तिथलेच.

पायरी सहावी: शहर चालून पाहा

स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा विस्तृत अहवाल १९१८ साली दिला. आराखड्याआधी पाहणी, हा त्यांचा आग्रह. तुम्हीही तेच करा. एक हमाल, एक शाळकरी मुलगी आणि रेनडिअर पाळणाऱ्या घरातली एक आजी घ्या. जानेवारीच्या एका दिवशी तिघांना घरून निघून परत घरी आणा. रस्ता कुठे अडतो, ऊब कुठे मिळते, दिवे कुठे हवेत ते वहीत टिपा आणि नकाशा दुरुस्त करा. मग शाई वापरा, आणि कोपऱ्यात साल लिहा.

शेवटी ट्रेसिंग पेपर वर ठेवून पन्नास वर्षांनंतरचा नकाशा काढा. हवा तापते आहे, गोठलेली जमीन मऊ पडते आहे. मे २०२०मध्ये नोरिल्स्कला इंधनाची एक टाकी खचली आणि सुमारे वीस हजार टन डिझेल नद्यांत आणि मातीत गेले. कुठली इमारत तिरकी झाली, कुठला खांब बदलला, कुठली आळी रिकामी केली आणि तिथली माणसे कुठे हलवली, ते या दुसऱ्या कागदावर लाल पेन्सिलीने दाखवा.