आधी शिक्का वाचा, चित्र मग बघा

टपालाच्या सॉर्टिंगमध्ये माझी उभी हयात गेली. त्यामुळे पाकीट हातात आलं की नजर आधी शिक्क्यावर जाते. युद्धखर्चासाठी सरकारने लोकांना विकलेल्या युद्धरोख्यांची जाहिरात करणारी कव्हरं, म्हणजे टपालातून गेलेली अख्खी पाकिटं, जमवायची असतील तर हीच सवय लावून घ्या. नवखी मंडळी डावीकडच्या रंगीत चित्राला, म्हणजे कॅशेला, भुलतात आणि विक्रेत्याचं फावतं.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन कव्हरांपासून करा. मशीनच्या शिक्क्यात डावीकडे गोलात गाव नि तारीख असते, उजवीकडे तिकिटावर पडलेली घोषणा. १ मे १९४१ पासून हे रोखे 'डिफेन्स बॉन्ड' म्हणून विकले जायचे, १८.७५ डॉलर भरा, दहा वर्षांनी २५ घ्या. डिसेंबर १९४१मधल्या पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर त्यांचे 'वॉर बॉन्ड' झाले. तेव्हा शिक्का १९४१च्या जूनचा आणि चित्रात 'वॉर बॉन्ड घ्या', असं दिसलं की समजा, साध्या जुन्या पाकिटावर कोणीतरी मागाहून छापलंय. खात्री करायची तर पाकीट खिडकीशी डोळ्यांच्या रेषेत आडवं धरा आणि शिक्क्याची रेघ चित्राला छेदते तिथे भिंग लावा. चित्राची शाई शिक्क्याच्या वर बसलेली दिसली तर कव्हर परत करा, घासाघीस करत बसू नका.

४ जुलै १९४२चं 'विन द वॉर' तिकीट, तीन सेंटचं, जांभळं, पंख व्ही आकारात उभारलेला गरुड. त्याची पहिल्या दिवसाची, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशी शिक्का मारलेली, कव्हरं ढिगाने मिळतात; जास्त मोजू नका. त्यापेक्षा तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' लिहिलेलं सैनिकाचं पाकीट शोधा. १ एप्रिल १९४२ पासून अमेरिकन सैनिकांना साधं पत्र फुकट होतं. अशा पाकिटावर रोख्यांची जाहिरात म्हणजे ते बहुधा खरंच वापरलेलं, हौशी संग्राहकासाठी बनवलेलं नव्हे. तिकीट नाही म्हणून विक्रेतेही त्याला कमी लेखतात, ते आपल्या पथ्यावर.

पहिल्या महायुद्धात ब्रिटननेही डिसेंबर १९१७ पासून 'नॅशनल वॉर बॉन्ड घ्या' असा शिक्का मारला. तसं पाकीट मिळालं आणि मागे मुंबईचा पोच शिक्का असला तर सोडू नका.

शोधायचं कुठे? शुक्रवारी पहाटे मुंबईच्या चोर बाजारात जुन्या कागदांचे गठ्ठे उलगडतात, तिथे. जीपीओच्या, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाच्या, फिलाटेली (तिकीटसंग्रह) ब्युरोत नवी तिकिटंच मिळतील, पण प्रदर्शनांची माहिती तिथे विचारा.

तिकीट सोडवायला पाकीट पाण्यात घालणाऱ्यांना मी दारात उभं करत नाही. इथे किंमत अख्ख्या पाकिटाची. पीव्हीसीचे खिसे टाळा, मायलरचे, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरचे, घ्या. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका; पावसाळ्यात ओल चढते आणि डिंकाला चटावलेली कसर लागते. सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग पालटला की बदला. आतलं पत्र बाहेर काढून वेगळ्या खिशात, पण त्याच पानावर ठेवा, नाहीतर घडीचा वळ शिक्क्यावर उमटतो.