ट्रॅव्हलिंग ओळखताना आधी चेंडू पाहावा, पाय नंतर

रत्नागिरीत सकाळी एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना पाहून संध्याकाळी मैदानावर येणारी मुले मला हमखास विचारतात, की त्या खेळाडूने सरळ तीन पावले टाकली, तरी पंचांनी शिट्टी का वाजवली नाही? बहुतेक वेळा शिट्टी न वाजणेच बरोबर असते. चेंडू हातात धरून नियमाबाहेर पाय हलवणे म्हणजे ट्रॅव्हलिंग, पण आपण पावले फार लवकर मोजू लागतो.

ड्रिबल करणाऱ्याने, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत खेळणाऱ्याने, चेंडूवर दोन्ही हात ठेवले, किंवा एका हाताने खालून आधार देऊन तो क्षणभर थांबवला, की ड्रिबल संपला आणि चेंडू ताब्यात आला असे धरतात. धावत्या खेळाडूचा जो पाय त्या क्षणी जमिनीवर असेल तो मोजायचा नाही. ते शून्य पाऊल. त्यानंतर टेकणारे पहिले, पुढचे दुसरे, आणि तिसरे टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. म्हणूनच ले-अप (धावत जाऊन बास्केटच्या जवळून चेंडू टाकणे) मारणाऱ्याचे किंवा युरो-स्टेपने (एक पाऊल एका बाजूला, पुढचे दुसऱ्या बाजूला टाकून) बचावपटूला चकवणाऱ्याचे पाय तीनदा जमिनीला लागलेले दिसले, तरी तो नियमातच असतो. एनबीएने दोन पावलांची मुभा 2009 मध्ये नियमात स्पष्ट लिहिली, तर फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) शून्य पाऊल 2017 मध्ये स्वीकारले. भारतातील स्पर्धा फिबाच्या नियमांनी होत असल्याने आपल्या मुलांनाही ते लागू आहे. लंगडी घातल्यासारखा एकच पाय लागोपाठ टेकवत पुढे जाणे मात्र चालत नाही.

जागेवर उभे राहून चेंडू घेणाऱ्यास ही सवलत नाही. त्याने एक पाय उचलताच दुसरा पिव्हट, म्हणजे जागीच टेकलेला ठेवायचा पाय, ठरतो, आणि ड्रिबल सुरू करायचा तर पिव्हटचा पाय उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटावा लागतो. पास किंवा शॉटसाठी तो पाय उचलता येतो, पण चेंडू सुटण्याआधी पुन्हा टेकवता येत नाही. माझ्या पाहण्यात खरी चूक सर्वाधिक इथे, पहिल्या झेपेच्या वेळी होते, आणि प्रेक्षक मात्र 'स्टेप्स' म्हणून ओरडतात ते ले-अपला.

एनबीएत तीन पंच मैदान वाटून घेतात. पिव्हट कोणता हे ज्याला नक्की दिसले नाही, त्याने अंदाजाने शिट्टी वाजवू नये, हे मी आमच्या नवीन पंचांनाही आवर्जून सांगतो. शिट्टीनंतर दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून खूण करतात आणि चेंडू प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. ट्रॅव्हलिंगच्या निर्णयाला प्रशिक्षक आव्हान देऊ शकत नाही. अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल एनबीए 2015 पासून प्रसिद्ध करते, त्यात सुटलेले ट्रॅव्हलिंग मान्य केले जाते, पण निकाल बदलत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे उघड्या मैदानावर पाय घसरतो, तेव्हा वाद ठरलेलाच. फिबाच्या नियमानुसार चेंडू धरून पडणे आणि त्या ओघात घसरणे हे ट्रॅव्हलिंग नाही; चेंडू हातात ठेवून लोळणे किंवा उठू पाहणे हे आहे. एनबीएत घसरून फायदा घेणेही चालत नाही.

सरावासाठी दोघांना बाजूला उभे करावे. एकाने फक्त हातांकडे पाहून चेंडू ताब्यात येताच 'धरला' म्हणावे, आणि दुसऱ्याने त्या शब्दानंतरच टेकणारे पाऊल 'एक' म्हणून मोजावे; आठवडाभर असे केले, की दोन्ही कामे एकट्याला जमू लागतात.