खोकी, बबल रॅप, थर्माकोल: घरात साठलेल्या पॅकिंगचं काय करावं?

दिवाळीचे सेल संपले की माळ्यावर रिकाम्या खोक्यांची चळत उभी राहते. "असू दे, कधीतरी लागेल" म्हणत आपण ती वर्षभर सांभाळतो आणि मग वैतागून एका दिवशी सगळं कचऱ्यात लोटतो. त्यापेक्षा पार्सल उघडल्याबरोबर पुढची कामं उरकून घ्यावीत.

आधी पत्ता काढा
खोक्यावरच्या चिठ्ठीवर आपलं नाव, पत्ता आणि बरेचदा मोबाइल नंबरही असतो. चिठ्ठी सोलत बसू नका, ब्लेडने तेवढा तुकडाच कापून काढा आणि बारीक फाडून सुक्या कचऱ्यात टाका. या चिठ्ठीचा कागद खतात घालू नये.

पुठ्ठा वेगळा करा
चिकटपट्टी ओढून काढा, खोकं तळाकडून उघडून सपाट करा आणि गठ्ठा सुतळीने बांधा. पुठ्ठा कोरडा हवा. पावसाळ्यात गॅलरीत भिजलेला पुठ्ठा रद्दीवाला बाजूला सारतो. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट भाग फाडून काढा, उरलेला स्वच्छ भाग रद्दीत चालतो.

घरी खत करत असाल तर थोडा पुठ्ठा रद्दीत न देता ठेवून घ्या. तपकिरी, बिनचकचकीत पुठ्ठा अर्धा तास पाण्यात भिजवला की त्याचे थर सुटे होतात आणि हाताने सहज फाटतात. तळहातापेक्षा लहान तुकडे करून, पाणी पिळून ओल्या कचऱ्यात मिसळा. खताच्या बादलीला घाण वास येतो आणि तळाशी पाणी सुटतं, ते बहुतेक वेळा सुका माल कमी पडल्यामुळे. भाज्यांची देठं, फळांच्या साली यांत भरपूर ओल असते. पुठ्ठा ती शोषतो आणि मधे हवाही खेळती ठेवतो. बादलीत आधीच चिखल झाला असेल, तर पुठ्ठा न भिजवता कोरडाच घाला. खोकं चकचकीत असेल तर कोपरा फाडून बघा. कागदाबरोबर पातळ पापुद्रा ताणला जात असेल, तर त्यावर प्लॅस्टिक आहे. ते खतात नको. हापूसच्या पेटीतला पेंढा मात्र बिनधास्त घाला किंवा कुंडीत मातीवर पसरा.

"टाकाऊतून टिकाऊ" म्हणून खोक्याला टिकल्या, चमकी, डिंक लावून पेनस्टँड करण्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. महिन्याभरात ते कचऱ्यातच जातं आणि चमकी लागलेला पुठ्ठा रद्दीलाही चालत नाही.

पॅकिंग पुन्हा पॅकिंगलाच वापरा
बबल रॅप आणि चुरगळलेला तपकिरी कागद यांचा यापेक्षा चांगला उपयोग नाही. परदेशातल्या मुलांना चकल्या धाडताना डब्याभोवती तोच गुंडाळा. जास्त असेल तर ओळखीत कोणी घरून लोणची-मसाले विकत असेल त्यांना विचारा. त्यांना हा माल विकत आणावा लागतो. कुरिअरची पिशवी कडेने सरळ कापून उघडलीत, तर उलटी करून पुन्हा वापरता येते.

उरलेलं प्लॅस्टिक
स्वच्छ, कोरडं आणि एकाच पिशवीत द्या. दुधाच्या पिशवीसारखं ताणलं जाणारं प्लॅस्टिक भंगारात खपण्याची शक्यता असते. वेफर्सच्या पाकिटासारखं कुरकुरणारं, आतून चंदेरी असलेलं सहसा कोणी घेत नाही. ते सुक्या कचऱ्यात जाऊ द्या. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक सुका माल निवडून विकतात आणि त्यातून त्यांची कमाई होते. उष्टा, बरबटलेला माल त्यांना हाताने निवडावा लागतो, एवढं लक्षात ठेवावं.

थर्माकोल
हा खरा त्रास. यात बहुतेक हवाच असते, म्हणून वजन भरत नाही आणि भंगारवाला नाक मुरडतो. जाळू तर अजिबात नका, काळा विषारी धूर होतो. गणपतीच्या मखरासाठीही नको. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. मखर पुठ्ठ्याचं करा. कुंडीच्या तळाला तुकडे घातले, तर कालांतराने त्यांचे मणी सुटून मातीत मिसळतात. झाकणाचं अख्खं खोकं मिळालं तर ते मात्र ठेवा: हिवाळ्यात विरजणाचं किंवा इडलीच्या पिठाचं भांडं झाकण लावून त्यात ठेवलं की ऊब टिकते. मासळी आणायला, बर्फ न्यायलाही ते उपयोगी पडतं. साचे आणि तुकडे न चुरता एका पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या. टीव्ही, फ्रिज घेताना दुकानदाराला आधीच विचारा, जोडणीला येणारा माणूस पॅकिंग परत नेईल का. काही जण नेतात, पण विचारल्याशिवाय नाही.