उपदेश ऐकताना या चुका टाळा

‘दर रविवारी उपासनेला जातो, पण हाती काही लागत नाही.’ नाशिकच्या शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, सातपूर, कुठल्याही मंडळीत (चर्चमध्ये) चार माणसांशी मोकळेपणाने बोला, ही तक्रार निघतेच. तक्रार करणारी माणसे आळशी नसतात, देवावर त्यांचा विश्वास असतो. बहुतेक वेळा दोष पाळकांच्या (पास्टरांच्या) माथी मारला जातो आणि विषय तिथेच संपतो. मला वाटते, उपदेश ऐकणे हे ऐकणाऱ्याचे काम आहे आणि ते आपण बोलणाऱ्यावर टाकून मोकळे होतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यानंतर प्रभू येशूने शिष्यांना हेच बजावले: तुम्ही कसे ऐकता याविषयी जपा (लूक ८:१८). त्या दाखल्यात पेरणारा एकच आहे आणि बीही, म्हणजे देवाचे वचनही, एकच. फरक जमिनीत आहे.

तयारी रविवारी सकाळी सुरू करणे

शनिवारी रात्री हळद किंवा रिसेप्शन, घरी यायला बारा. सकाळी इस्त्री, डबे, पोरांची आवराआवर. दुसरे गीत चालू असताना आपण मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि पाळकांचा संदेश (उपदेश) सुरू झाला तरी डोके घरातच असते. यावर उपाय साधा आहे. उद्याचा शास्त्रपाठ कोणता, हे पाळकांना शनिवारी विचारून घ्या. जिथे वर्षभराचे पाठ आधीच ठरलेले असतात तिथे तर विचारायचीही गरज नाही. रात्री जेवणानंतर तो पाठ घरात मोठ्याने दोनदा वाचा. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना जुन्या मराठी भाषांतरातले बरेच शब्द अडतात. ते आजीने किंवा आईने आदल्या रात्री सांगितले, तर रविवारी पोरे निम्म्यात सुटत नाहीत.

तिसरी पाळी करून अंबड-सातपूरहून थेट उपासनेला येणाऱ्या भावांना मात्र कोणी टोचून बोलू नये. त्रोवस नगरात प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला (प्रेषितांची कृत्ये २०). पौल खाली गेला आणि त्याने त्याला कवटाळले. झोप लागल्याबद्दल त्याला दटावल्याचे तिथे कुठेही लिहिलेले नाही. अशा भावांसाठी संध्याकाळची उपासना किंवा आठवड्यातली घरगुती प्रार्थना सभा जास्त सोयीची.

उदाहरण लक्षात राहते, वचन राहत नाही

आपल्या जिल्ह्यात ही चूक हमखास होते. योहान १५ वर संदेश असला की पाळक द्राक्षबागेचे उदाहरण घेणारच, आणि घ्यावेच. समोर पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडची माणसे बसलेली असतात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी त्यांना कोणी शिकवायला नको. पण ‘छाटणी’ हा शब्द कानावर पडला की मन बागेत जाते. अवकाळी, घडांची कूज, व्यापाऱ्याने अडकवलेले पैसे. उपासना सुटल्यावर बाहेर गप्पाही त्याच होतात.

मग संदेशातून राहून काय जाते? येशू वेल आहे, आपण फाटे (फांद्या) आणि माळी पिता, म्हणजे देव आहे; कात्री त्याच्या हातात आहे. जो फाटा फळ देतो त्यालाच तो छाटतो, आणखी फळ यावे म्हणून (योहान १५:२). घरात आजारपण आले किंवा नोकरी गेली की ‘माझे काय चुकले, देव का रागावला?’ असे विचारत रात्र-रात्र जागणाऱ्या माणसासाठी त्या एका वचनात केवढा दिलासा आहे! आणि फाट्याने करायचे ते एकच: वेलात राहायचे. म्हणून पाळक बोलत असताना बायबल उघडे ठेवा आणि उदाहरण संपले की नजर पुन्हा वचनावर आणा. जमल्यास छापील प्रत न्या. मोबाईलवर वचन वाचताना वर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज झळकला की गेलेले लक्ष परत येत नाही.

‘हे तिने ऐकायला हवे होते’

मंडळीत निम्मे लोक एकमेकांचे नातेवाईक. क्षमेवर संदेश सुरू झाला की जाऊबाई आठवते, लोभावर झाला की दीर. दुसऱ्याची बायको बळकावणाऱ्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली, तेव्हा दावीदही त्या श्रीमंतावर संतापला होता. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे शब्द येईपर्यंत त्याला आपला पत्ता नव्हता (२ शमुवेल १२). दुसऱ्याचे नाव मनात आले की त्या जागी आपले घालून बघा.

पाळकांची तुलना

यूट्यूबवरच्या वक्त्यासमोर आपले पाळक फिके वाटतात हे खरे. पण तो वक्ता तुमच्या आईच्या दफनविधीला आलेला नसतो. करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा, मी अपुल्लोचा’ असे उपदेशकांच्या नावाने गट पडू लागले तेव्हा पौलाने स्वतःची बाजूसुद्धा घेतली नाही. व्हिडिओ जरूर बघा, आठवड्यात बघा.

न तपासता ‘आमेन’

पाळकांचा मान राखणे म्हणजे त्यांचे बोलणे न पारखता घेणे, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. बिरुया नगरातल्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणे मोठ्या उत्सुकतेने स्वीकारले आणि ते तसेच आहे का, हे रोज शास्त्रात शोधून पाहिले. याबद्दल त्यांची स्तुती केली आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). उत्सुकता आणि पारख दोन्ही एकाच वेळी. काही जण नुसती पारख करतात, त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही. नुसत्या उत्सुकतेने ऐकणारे कोणाच्याही मागे जातात.

यिर्मया २९:११ घ्या. आपल्या कितीतरी घरांत हे वचन भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत. परीक्षा, व्हिसा, नवे दुकान, सगळ्याला ते लावले जाते. पण ते यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने लिहिलेल्या पत्रातले आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा काळ सांगितला आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच मरणार होते. घरे बांधा, बागा लावा, त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असेही त्याच पत्रात आहे. एक अध्याय मागे जा: हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत मिळेल, असे सांगत होता. दोन वर्षे की सत्तर? कोणाचा संदेश ऐकायला गोड लागला असेल हे वेगळे सांगायला नको. आणि खोटा हनन्याच ठरला.

तेव्हा एखादे वचन तुटक सांगितले गेले, तर घरी येऊन त्याच्या मागचा-पुढचा अध्याय वाचा. कोणाला लिहिले आहे, का लिहिले आहे, ते बघा. ‘इतके अर्पण द्या, महिन्यात दुप्पट येईल’ असे कोणी सांगितले तर पाकीट बंदच ठेवा. ‘प्रार्थना झाली, आता गोळ्या सोडा’ असे सांगितले तर गोळ्या चालू ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते घट्ट धरा, ही पौलाचीच आज्ञा आहे (१ थेस्सलनीकाकरांस ५:२१).

डोळ्यांत पाणी आले, म्हणजे प्रतिसाद झाला

यहेज्केल संदेष्ट्याचे लोक त्याच्यासमोर गर्दी करून बसत. त्याचे बोलणे त्यांना गोड गळ्याच्या गाण्यासारखे वाटे. ते ऐकत आणि करत काहीच नसत (यहेज्केल ३३:३०-३२). आपल्या जागरण सभांतही असे घडते. रडू येणे वाईट नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, येशूचा शिष्य पेत्र याचे भाषण ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली, पण त्यांचा लगेचचा प्रश्न होता: आम्ही काय करावे?

मराठी कवी ना. वा. टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि ते त्या शब्दांना खिळून राहिले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरादाराने मोजली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेक असलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. आपल्यापैकी बहुतेकांकडे वचन इतके मागत नाही. ते मागते ते भावाशी बंद पडलेले बोलणे, बांधाचा जुना वाद, उसने घेतलेले परत न केलेले पैसे. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने तर फसवून घेतलेले परत करण्याचा आकडाच सांगितला होता, चौपट.

म्हणून रविवारी दुपारी वहीत एकच ओळ लिहा: कोणाकडे जायचे, काय करायचे, कोणत्या दिवशी. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असे लिहू नका. ‘बुधवारी आत्याला फोन करून माफी मागेन’ असे लिहा आणि घरगुती सभेत विश्वासातल्या एकाला सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो विचारेल.

पाळकांचे म्हणणे पटले नाही, तर मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहू नका आणि दारात हात मिळवतानाही विषय काढू नका. दोन दिवस जाऊ द्या, वचन काढून ठेवा, फोन करून वेळ मागा.

एवढे करूनही कोरडेच वाटत असेल तर

आधी शरीर बघा. झोप, साखर, रक्तदाब, बाळंतपणानंतरचा थकवा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला दोनदा खायला दिले, प्रवासाचे बोलणे दुसऱ्या खेपेला आले (१ राजे १९). महिनोन्‌महिने मन उदास असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. मनात एखादे पाप दडवलेले असेल तर ते कबूल केल्याशिवाय कितीही संदेश ऐकले तरी जड वाटणारच; त्यासाठी पाळकांकडे एकटे जा. आणि संदेश खरोखरच कच्चा होता असे वाटले, तरी त्याआधी वाचलेला शास्त्रपाठ तुमच्याकडे आहेच. त्यातली दोन वचने पाठ करून आठवडाभर म्हणत राहा, कामावर जाताना बसमध्ये, भाकरी थापताना.